आक्काच्या घरातल्या तीन काचा

काचमास्तर कुठल्या शाळेचे मास्तर नव्हते. शाळेशी त्यांचं सातवीतच बिनसलं होतं. पण तीस वर्षं त्यांनी अर्ध्या शहराच्या खिडक्यांना काचा बसवल्या, आणि नुसत्या बोटानं वाजवून काचेची जाडी सांगायचे, म्हणून लोकांनी हे नाव चिकटवलं. पुढे खिडक्या कारखान्यातून तयार येऊ लागल्या आणि काच कापायचा त्यांचा हिरा खिशातच गंजायची वेळ आली. तेव्हा त्यांच्या मदतीला धावून आला तो खड्डा.

खड्डा साधासुधा नव्हता. चाळीस मजली इमारतीसाठी पाच मजले खोल खणत होते, आणि त्याच्या काठावर जुन्या इमारती जीव मुठीत धरून उभ्या होत्या. त्यांच्या भिंतींना भेगा गेल्या होत्या. प्रत्येक भेगेवर मास्तरांनी एक पातळ काचपट्टी आडवी चिकटवायची, तिच्या कोपऱ्यात हिऱ्यानं तारीख कोरायची आणि रोज सकाळी हात लावून तपासायची. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. काच तडकली की शिटी फुंकायची. खोदकाम बंद, इमारत रिकामी. अशा बासष्ट काचा होत्या. एकसष्ट मास्तर डोळ्यांत तेल घालून बघत. बासष्टावी आक्काच्या स्वयंपाकघरात होती.

आक्का त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं, तेही याच पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. मास्तर मागच्या जिन्यानं येत, उभ्याउभ्या चहा घेत, चहाबरोबर आक्काची बोलणी खात आणि लांबूनच काचेकडे बघून वहीत ‘ठीक’ लिहीत. बहिणीच्या घरात काय हात लावून बघायचं?

त्या सकाळी आक्काच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

“काय झालं गं?”

“सुरी लागली. चहा घे, निवतोय.”

कप तोंडाला लावताना मास्तरांची नजर भिंतीवर गेली. उन्हाची तिरीप काचेवर पडली होती, आणि काचेच्या कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढा बुडबुडा दिसत होता. तो बुडबुडा मास्तरांच्या ओळखीचा होता. वीस वर्षांपूर्वी वडिलांच्या फोटोला असली सदोष काच बसवली म्हणून याच आक्कानं त्यांना फैलावर घेतलं होतं.

त्यांनी हात लावला. तारीख नव्हती. कडेचं प्लास्टर अजून ओलसर होतं. मास्तर तडक बाहेरच्या खोलीत गेले. भिंतीवर तीन फोटो होते: वडिलांचा, आईचा आणि आक्काच्या लग्नाचा. एकालाही काच नव्हती. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

“आक्का, पहिली कधी फुटली?”

“ओरडू नकोस. शेजारी ऐकतील.”

“कधी?”

“महिना झाला.” आक्का भिंतीला टेकली. “तुझा जुना हिरा होता फळीवर. कापायला तूच शिकवलं होतंस. आधी माझ्या लग्नाच्या फोटोची लावली. ती वीस दिवस टिकली. मग आईची. ती आठ दिवस. काल संध्याकाळी बाबांची लावली.”

वीस, मग आठ. पुढचा आकडा मनात मांडायची मास्तरांना हिंमत होईना.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगून काय? तू शिटी फुंकली असतीस. समोरच्यांना चार दिवसांसाठी म्हणून बाहेर काढलं. तीन वर्षं झाली. आहे का ती इमारत? काच फुटली की घर जातं रे. म्हणून मी काच फुटलेली दिसू दिली नाही.”

“अगं, ताप चढला म्हणून थर्मामीटर बदलतं का कुणी!”

खाली खड्ड्यात यंत्र घरघरत होतं आणि फळीवरची भांडी बारीक थरथरत होती. मास्तरांनी गळ्यातली शिटी उचलली. आक्कानं त्यांचं मनगट घट्ट धरलं.

“तुला या खोलीत वाढवलं. त्याची तरी जाण ठेव.”

खरं सांगायचं तर मास्तर डळमळले. वरखाली मिळून अकरा घरं होती, पण मनगट धरणारा हात एकीचाच होता, आणि त्याच हातानं त्यांना घास भरवले होते. शिटी फुंकली की आक्का या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. क्षणभर वाटलं, उद्या बघू.

टक्.

बुडबुड्यापासून निघालेली रेघ काचेच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती. आक्काचा हात आपोआप सुटला. मास्तरांनी जीव खाऊन शिटी फुंकली.

यंत्र थांबलं. लोक कुरकुरत, मास्तरांच्या नावानं बोटं मोडत खाली उतरले. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला खुर्चीसकट उतरवलं. आक्का सगळ्यांत शेवटी आली, तिन्ही फोटो छातीशी धरून. अकराच्या सुमाराला इमारतीची मागची भिंत सगळ्यांच्या देखत खड्ड्यात गेली. तिच्याबरोबर आक्काची शेगडी गेली, फळी गेली, अर्धा राहिलेला चहा गेला. माणूस एकही गेला नाही. मघाशी बोटं मोडणारे आता मास्तरांचे हात धरायला आले.

तेवढ्यात खोदकामाचे इंजिनिअरसाहेब मास्तरांची वही घेऊन आले. “मास्तर, महिनाभर इथं ‘ठीक’ लिहिलंय. कालसुद्धा. मग आज एकदम काय झालं?”

फुटपाथवर बसलेली आक्का उठली. “साहेब, ते मी—”

“आक्का, गप्प बस,” मास्तर म्हणाले. असं ते तिला जन्मात बोलले नव्हते. “महिनाभर मी हात लावून पाहिलंच नाही, साहेब. लांबूनच लिहीत होतो.”

यात खोटं काहीच नव्हतं. साहेबांनी वही मिटली आणि शिटी मागितली. मास्तरांनी गळ्यातली दोरी काढून त्यांच्या हातात दिली.

मग ते आक्काशेजारी येऊन बसले. ती फोटोंवरची धूळ पदरानं पुसत होती आणि रडत होती. तिच्या अंगठ्यावरची चिंधी सुटली होती. मास्तरांनी तिचा हात मांडीवर घेतला आणि चिंधी नीट बांधायला लागले. जखम काचेची होती. तीस वर्षं काच कापणाऱ्या माणसानं ती सकाळीच ओळखायला हवी होती.