कुलूपबाईंची वाढीव मुदत

विद्यापीठात प्रबंध जमा करायच्या खिडकीमागे ज्या बाई बसत, त्यांना पोरं कुलूपबाई म्हणत. पाच वाजले की खिडकी बंद, मग बाहेर कुणी रडो की कपाळ आपटो.

बाईंचा खरा राग मात्र आईबापांवर. "बावीस वर्षांचे घोडे झाले, तरी अर्ज भरायला बाप येतो!" त्या शेजारच्या कारकुनाला ऐकवत. कुणी ओरडून ओरडून पोरं कोडगी केलेली, कुणी लाडावून ऐदी. सगळे बाईंच्या लेखी सारखेच बिनडोक. "माझ्या लेकीला बघा, एक तारीख चुकली नाही आजवर."

चुकेल कशी? शाळेपासून बाई लेकीला प्रत्येक तारीख चार दिवस आधीची सांगत आल्या होत्या. फी, परीक्षा, दाताचा डॉक्टर, सगळं. वर आपल्या हुशारीचं कौतुकही स्वतःच करायच्या!

आता लेकीला प्रयोगशाळेत नोकरी मिळाली होती, पण या सत्रात प्रबंध जमा झाला तरच. लिखाण लांबलं म्हणून तिनं मुदत वाढवून मागितलेली. वाढीव मुदतीचं पत्र बाईंच्याच टेबलावर आलं. लेकीनं ते बघायची तसदी घेतली नाही, आई आहे की! नोकरीचा प्रश्न, त्यात पोरगी मोठी झालेली, म्हणून बाईंनी या खेपेला खरी तारीख सांगितली. शुक्रवार.

शुक्रवारी साडेचार वाजले तरी लेकीचा पत्ता नाही. बाईंनी फोन लावला.

"झोपले होते गं," लेक जांभई देत म्हणाली. "छापून ठेवलाय, फक्त बांधून घ्यायचाय. मंगळवारी आणते."

"मंगळवार कुठला? शुक्रवार सांगितला होता ना तुला!"

"म्हणजे मंगळवारच की. सहावीपासून तुझ्या तारखेत चार मिळवतेय मी. तुला काय वाटलं, मला कळत नाही?"

खिडकीपुढे एक बाप मुलाच्या प्रबंधाचा ओला डिंक फुंकून वाळवत उभा होता. त्याच्यासमोरच बाई किंचाळल्या, "अगं, आज शेवटचा दिवस आहे! रिक्षा कर आणि आत्ताच्या आत्ता ये! खरं सांगतेय मी!"

"दर वेळी अश्शीच ओरडतेस तू," लेक हसली, आणि फोन बंद करून पुन्हा झोपली.