लाल फिका दिसला तेव्हा

परवा भर दुपारी साखर पेठेतून येत होतो. एका अंगणात बांबूवर लाल सुताच्या ओल्या लडी टांगल्या होत्या, खाली मातीत तांबडे थेंब गळत होते, आणि उकळलेल्या रंगाचा तो खारट, जरासा कुजकट वास नाकात शिरला. पावलं आपोआप थांबली. सोलापूरच्या उन्हात अंग तापलं की माझा उजवा डोळा अजूनही मंदावतो. दिव्याची वात कुणी खाली ओढावी तसा. घरी येऊन गार पाणी मारलं, घटकाभर पडलं, की पुन्हा दिसू लागतं. आता त्याची सवय झाली आहे. त्या वासाची मात्र होत नाही.

तीस सालाच्या अलीकडची-पलीकडची ती वर्षं. मी तेव्हा पंचविशीतला, घरात दोन माग, लाल काठाची लुगडी विणण्यात आमचं नाव. मी मुळात तापट. दात असते तर जन्मताच सुईणीला चावला असता, असं आई माझ्याबद्दल म्हणायची. पण रंग पारखावा तर मीच, हे सारी पेठ मान्य करी. आमच्यात पारखायची एक रीत होती. सूर्याकडे पाठ करायची, डावा डोळा मिटायचा, आणि धागा उजव्या डोळ्याजवळ धरायचा. बाकीचे विणकर शेजारी जुना नमुना लावून पाहत. मला तो कमीपणा वाटे. पक्का लाल माझ्या डोळ्यात मुरलेला आहे, त्याला नमुना कशाला, अशी माझी घमेंड. आणि लोकांनी ती वाढवलीही, कारण तोवर मी एकदाही चुकलो नव्हतो.

त्या चैत्रात उजवा डोळा ठणकायला लागला. नुसता ठणका नव्हे. बुबूळ जरा हललं की मागून कुणीतरी दाभण खुपसतंय असं वाटे. आणि मागावर बसणाऱ्याचा डोळा तर धोट्यामागे धावतो, इकडून तिकडे, तिकडून इकडे. दर फेकीला एक दाभण. मी दात आवळून विणत होतो, बायकोवर ओरडत होतो. एकदा पाण्याचा तांब्या भिंतीवर असा फेकला की त्याला कायमचा पोचा पडला. सुताचं कुसळ डोळ्यात गेलं असेल, एवढीच माझी समजूत. दिसत तर सगळं होतं.

त्याच आठवड्यात रंगाऱ्याकडे लडी आणायला गेलो. हा रंगारी माझ्या वडिलांचा दोस्त. वडील गेल्यावर मला पोटच्या पोरासारखं वागवणारा. मी त्याला चाचा म्हणे. हंडा चुलीवर उकळत होता. मी अंगणात पाठमोरा उभा राहिलो, डावा डोळा मिटला, धागा वर धरला. लाल कुठला, विटकरीचा चुरा पाण्यात कालवावा तसा फिकट रंग! माझं डोकं फिरलं.

"चाचा, रंगात पाणी घालायला कधीपासून लागलास?"

तो हसला. त्याला थट्टा वाटली. "क्या बोलता बेटा? तीन डूब दिया हूं. नमुना लगा के देख."

"मला नमुना दाखवतोस? चोर!"

गल्लीतली माणसं जमली. त्यानं कोनाड्यातून जुन्या धाग्याचा नमुना काढून माझ्यापुढे धरला. एक नजर, दोन्ही डोळे उघडे ठेवून एकच नजर टाकली असती तर पुढचं काही घडलं नसतं. मी ती टाकली नाही. लडी ढवळायचं दांडकं हंड्याला टेकून होतं, ते उचललं आणि नमुना धरलेल्या हातावर हाणलं. मनगट मोडल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. वाळलेली तुरकाठी मोडावी, तसा. तो खाली बसला तरी मी दुसरा फटका उगारला होता. लोकांनी मागून धरलं, म्हणून तो चुकला.

चार दिवसांत उजव्या डोळ्यासमोर मधोमध राखेचा गोळा बसला. डावा मिटून माणसाकडे पाहिलं तर कान दिसत, तोंड दिसत नसे. आमच्या घरातलं बोलणं तेलुगू. आई जे म्हणाली ते मराठीत सांगायचं तर, "म्हाताऱ्याची हाय लागली तुला." मी तिच्यावरही धावून गेलो. गावातल्या डॉक्टरांनी दिवा लावून आरशानं डोळ्यात पाहिलं आणि म्हणाले, "डोळा स्वच्छ आहे. काम टाळायचं तर दुसरं सोंग शोधा." मी त्यांच्या टेबलावरच्या बाटल्या हातानं झाडून खाली पाडल्या. कंपाउंडरनं गचांडी धरून मला बाहेर काढलं.

मग आईनं माळशिरसकडचा एक वैदू आणला. "डोस्क्यात उष्ण चढलंय लई," तो म्हणाला, "कानशिलाला डाग दिला की उतरतंय. भ्यायचं न्हाय." तिघांनी मला दाबून धरलं, आई पायांवर बसली, आणि तापलेली सळई कानशिलाला टेकली. स्वतःच्या कातडीचा जळका वास स्वतःच घेणं काय असतं ते सांगता येत नाही. मी बैलासारखा ओरडलो. राखेचा गोळा होता तिथंच राहिला.

सहा आठवड्यांनी मेहुण्यानं मला पुण्याला नेलं. तिथले डोळ्यांचे डॉक्टर मोठे शांत. तेही आधी दिवा आणि आरसा घेऊन बसले, पण सोंग म्हणाले नाहीत. विचारलं, "डोळा हलवताना दुखायचं का?" मग टेबलावरच्या बाटलीचं लाल बूच उचलून माझ्यापुढे धरलं. आधी उजवा डोळा झाकायला लावला, मग डावा. डाव्याला ते कुंकवासारखं लाल दिसत होतं. उजव्याला कडेनं काय दिसलं ते मी ओळखलं. विटकरीचा चुरा, पाण्यात कालवलेला.

"डोळ्यामागची नस सुजली आहे," डॉक्टर म्हणाले. "आरशात ती सूज दिसत नाही, म्हणून फसायला होतं. यात पुष्कळदा रंग आधी जातो, आणि त्यातही लाल. बरीचशी नजर परत येईल." त्यांना वाटलं, मी डोळ्यासाठी रडतोय. त्यांनी पाठीवरून हात फिरवला.

स्टेशनावरून मी तडक रंगाऱ्याच्या अंगणात गेलो. त्याचं मनगट वाकडंच जुळलं होतं. लडी पिळायला दोन्ही मनगटं लागतात, ते काम त्याची बायको करत होती. मी पाय धरले आणि सगळं सांगितलं.

"हाथ का क्या है, हड्डी तो जुड गई," तो म्हणाला. "पन तेरी आंख कभी चुकी नईं थी ना बेटा. मैं समजा, मेरीच आंखां गयीं."

त्या दिवसापासून त्यानं लाल उकळलाच नव्हता.

मी दारोदार जाऊन माझी चूक सांगितली. पेठेनं ऐकलं, मी चोर म्हटल्यापासून बंद झालेल्या लडी पुन्हा त्याच्याकडे येऊ लागल्या. माझी नजरही डॉक्टर म्हणाले होते तशी बरीचशी परत आली. नस सुजते, तशी ओसरतेही. पुढं वर्षभरानं, माझ्याच विनवणीवरून, त्यानं लाल रंगाला हात लावला. हिरवा, काळा, पिवळा तो डोळे मिटूनही करी. लालाच्या वेळी मात्र ओली लडी दांडक्यावर उचलून धरायचा आणि बायकोला विचारायचा, "देख, हुआ क्या?" मी समोर उभा असलो तरी मला विचारत नसे. स्वतःही बघत नसे. ती जवळ येऊन "हौ, हुआ" म्हणेपर्यंत ते दांडकं वाकड्या मनगटावर तोललेलं असे, आणि त्याची मान खाली असे.