न्यायाचा पाठ आणि पहिली पंगत

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, धर्माची पत्रकं होती. वडील हरसूलच्या आठवडी बाजारात ती वाटायचे आणि उरलेली मी मोठ्यानं वाचून काढायचे. त्यामुळे सतरा वर्षांची होईपर्यंत मला हळू आवाजात बोलणं ठाऊकच नव्हतं!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या आमच्या चर्चच्या मंडळीत त्या वर्षी हंगामाच्या सणाला शास्त्रपाठ वाचायचं काम मला मिळालं. या सणाला लोक शेतातलं पीक देवापुढे आणतात, मग अंगणात पंगती बसतात. पहिली मंडळीची, दुसरी मजुरांची. मंडळीचे एक पंच, आमचे पंचकाका, यांची निफाडकडे द्राक्षबाग होती. तिथं राबणाऱ्या डोंगराकडच्या बायका द्राक्षांच्या पाट्या उतरवून बाहेर नीलगिरीखाली थांबायच्या. त्याही ख्रिस्ती, आमच्यासारख्याच. तरी दुसऱ्या पंगतीला! मला ही रीत मोडायची होती.

चर्चच्या पाळकसाहेबांनी आभाराचा एक गोड पाठ सुचवला होता. मी गेले बायबलातल्या इब्री संदेष्ट्यांकडे, देवाचा निरोप सांगणाऱ्यांकडे. काय माणसं ती! राजाच्या तोंडावर बोलणारी, मंदिराच्या दारात उभं राहून मंदिराविरुद्ध बोलणारी. त्यातला एक मेंढपाळ. ऐन सणात तो सांगतो की, देवाला तुमचे सण नकोसे झालेत, तुमची गाणी त्याला ऐकवत नाहीत. गरिबाला तुडवलंत, आता तुम्ही लावलेल्या द्राक्षमळ्यांचा रस तुमच्या ओठांना लागणार नाही. द्राक्षमळे! वाचता वाचता मी खाटेवरून उडीच मारली.

सणाच्या दिवशी चर्चमध्ये पाठ वाचत मी द्राक्षमळ्यांच्या ओळीपाशी पोचले, तसे पहिल्या बाकावर पंचकाका खाकरले. पाळकसाहेब पुटपुटले, "पुरे, बेटा." मी आवाज आणखी चढवला. बाहेर भोंगा लावलेला होता. बायका ऐकत ऐकत दारापर्यंत आल्या होत्या. मी पुस्तक मिटणार, एवढ्यात त्यांच्यातली एक ओरडली, "पोरी, त्येंचं काय व्हनार ते कळलं. आमचं काय?"

शिक्षा मला तोंडपाठ होती, पुढचं मी पाहिलंच नव्हतं. भराभर पानं उलटली. त्याच मेंढपाळाच्या अगदी शेवटच्या ओळी सापडल्या: पडलेलं घर देव पुन्हा उभारील, लोक द्राक्षमळे लावतील आणि रसही तेच पितील, आणि त्यांना तिथून कुणी उपटणार नाही. मी ते जवळजवळ किंचाळतच वाचलं.

"कधी?" बाईनं विचारलं.

"आजच्या जेवणापासून!" मी म्हणाले. हे काही शास्त्रात नव्हतं.

मागच्या बाकांवर हशा पिकला. पंचकाका उठून उभे राहिले. "आता ही पोरगी देवाच्या वतीनं मुहूर्तही काढणार का?"

"मंग तुमी काढा, मालक," बाई म्हणाली.

प्रार्थना कशीबशी संपली. मी धावतच अंगणात गेले. ती बाई पहिल्या पंगतीत मांडी घालून बसलेली! तिच्या शेजारी बाकीच्या, पदर सावरत, कुणाकडेही न बघता. मंडळीतले दोघंतिघं पाय आपटत घरी निघून गेले. उठवायला मात्र कुणी पुढं झालं नाही. पंचकाका पंगतीच्या टोकाला थबकले.

बाई जराशी सरकली. "या मालक, लय जागा हाय."

त्यांनी तिनं केलेल्या जागेकडे पाहिलं. मग त्यांनी चपला काढल्या.