बसल्यावर लागणारी धाप

“हलू नका हं काकू. फक्त श्वास घेत राहा,” मी म्हणाले आणि खोलीतले दिवे मंद केले.

प्रमिलाकाकू टेबलावर आडव्या होत्या. छातीच्या वर एक आणि पाठीखाली एक, अशा कॅमेऱ्याच्या दोन जाड चौकोनी पाट्या. तोंडात धरलेल्या नळीतून एक बारीक धुकं त्यांच्या आत जात होतं. बाहेर सकाळपासून बर्फ पडत होता, पण आमच्या डिपार्टमेंटला खिडकी नाही. तिथे ऋतू कळत नाही, वेळही कळत नाही. नुसती मशीनची घरघर ऐकू येते.

मी न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट. श्रूजबरीजवळच्या एका हॉस्पिटलात बरीच वर्षं काम करते आहे. एक्स-रेचं मशीन बाहेरून किरण सोडतं. आमच्याकडे उलटं असतं. टेक्निशियम नावाचा रेडिओॲक्टिव्ह पदार्थ अगदी थोडा पेशंटला देतो. किरण पेशंटच्या आतून येतात आणि कॅमेरा नुसता बघत राहतो. पदार्थ दर सहा तासांनी निम्मा होत जातो, त्यामुळे आम्ही कायम थोड्या घाईत असतो. पेशंटला मात्र ते कळू द्यायचं नाही.

काकू सत्तरीच्या. मूळच्या वाईच्या, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. दोन आठवडे दम लागत होता. फुप्फुसात रक्ताची गुठळी असेल, अशी इमर्जन्सीच्या डॉक्टरांना शंका होती. एरवी सीटी करतात, पण त्यात शिरेतून देतात त्या डायची काकूंना ॲलर्जी. म्हणून माझ्याकडे पाठवलं.

आमच्या टेस्टचे दोन भाग असतात, दोन्हींत टेक्निशियम मिसळलेलं. आधी धुकं श्वासातून देऊन हवा कुठे पोचते ते बघायचं. मग शिरेतून प्रोटीनचे बारीक कण सोडून रक्त कुठे पोचतं ते बघायचं. हे कण फुप्फुसातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि काही तासांत विरघळून जातात. जिथे हवा पोचते पण रक्त नाही, तिथे गुठळी.

पहिला भाग झाल्यावर मी नळी काढली. काकूंचा चेहरा अगदी शांत होता.

“झोप लागत होती गं मला,” त्या म्हणाल्या. “लहानपणी कृष्णेत बुडी मारायचे, तसं वाटलं. भावांपेक्षा जास्त वेळ राहायचे मी पाण्याखाली. वरचा उजेड हिरवा दिसायचा.”

मी शीर शोधत होते. आता दम लागतोय का, असं सहज विचारलं.

“आडवं झालं की बरं वाटतं. उठून बसलं की धाप लागते.”

माझा हात थांबला. दम लागणारी माणसं सहसा झोपू शकत नाहीत. उशांचा ढीग करून बसून रात्र काढतात. काकूंच्या कागदावर तसंच लिहिलं होतं : झोपल्यावर त्रास वाढतो. बाहेर बसलेल्या मंदारला, म्हणजे त्यांच्या मुलाला, मी जाऊन विचारलं. तो ओशाळला. आई काय म्हणते ते त्याने इमर्जन्सीत इंग्रजीतून बरोबर सांगितलं होतं. पण तिथला रेसिडेंट डॉक्टर म्हणाला, तुला उलटं म्हणायचं असेल. मंदारला वाटलं, डॉक्टर म्हणतोय तर आपलंच चुकत असेल.

मी आत आले, इंजेक्शन दिलं आणि स्क्रीनसमोर बसले.

हा वेळ मला अजूनही आवडतो. आधी काळा पडदा. मग एक ठिपका, मग दहा, मग मोजता येणार नाहीत इतके. प्रत्येक ठिपका म्हणजे आतून निघालेला एक किरण. बघता बघता अंधारात दोन फुप्फुसं उमलून येतात. काकूंची फुप्फुसं सुंदर भरली. कुठे खाच नाही, कुठे भोक नाही.

पाठीकडून घेतलेल्या चित्रात मात्र खालच्या कडेला दोन फिकट डाग होते. किडन्या. कण फुप्फुसांतच अडकले असतील, तर त्या दिसायला नकोत.

आमचे रेडिओलॉजिस्ट डॉ. ब्रेनन कॉरिडॉरच्या टोकाला बसतात. त्यांनी चित्रं पाहिली, गुठळी नाही म्हणाले, पेशंटला सोडून दे म्हणाले. मी किडन्या दाखवल्या. धुक्यातला पदार्थ थोडा रक्तात उतरतो आणि किडन्यांतून बाहेर जातो, त्याचेच डाग आहेत हे, असं त्यांनी समजावलं. ते खोटं नव्हतं. नेहमी तसंच असतं.

“पण तो पदार्थ मेंदूत जात नाही,” मी म्हणाले. “डोक्याचा एक व्ह्यू घेऊ का?”

“कशासाठी?”

“त्या म्हणतात, बसल्यावर धाप लागते. झोपल्यावर नाही.”

त्यांनी पुढचा पेशंट थांबलाय का विचारलं. थांबला होता. त्यांनी किडन्यांचं चित्र पुन्हा एकदा मोठं करून पाहिलं. मग म्हणाले, “घे.”

मी कॅमेरा काकूंच्या डोक्याशी आणला. त्या अर्धवट झोपेत होत्या. पडदा कितीतरी वेळ काळाच राहिला. आपण उगाच हट्ट केला, असं वाटू लागलं. मग ठिपके आले, तुरळक, एकेक करून. पाच मिनिटांत त्यांचा आकार झाला. मेंदू दिसत होता, चंद्राच्या उजेडात दिसावा तितका फिकट.

तो तिथे दिसायलाच नको होता. फुप्फुसात अडकायचे कण मेंदूपर्यंत पोचले होते, म्हणजे काही रक्त फुप्फुसांना चुकवून थेट पुढे जात होतं. क्षणभर मला भीती वाटली. कण मीच सोडले होते. इतक्या थोड्या कणांनी इजा होत नाही हे माहीत असूनही वाटली.

ब्रेनन स्वतः चालत आले. नर्सने काकूंच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली. झोपलेल्या असताना पंच्याण्णव. आम्ही त्यांना हळूच बसवलं. आकडा उतरत उतरत चौऱ्याऐंशीवर आला आणि काकू धापा टाकू लागल्या. पुन्हा झोपवलं. आकडा वर चढला.

“असं मी कधी पाहिलं नव्हतं,” ब्रेनन हळू आवाजात म्हणाले. “फक्त वाचलं होतं.”

हार्टच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी निदान पक्कं केलं. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून एक छोटी फट होती. सत्तर वर्षं ती मिटलेली राहिली. वयाने छातीची ठेवण बदलली आणि आता बसलं की फट उघडायची. अशुद्ध रक्त तिच्यातून पलीकडे जायचं. मांडीच्या शिरेतून एक बारीक झाकण नेऊन त्यांनी ती बंद केली. तिसऱ्या दिवशी काकू खुर्चीत बसून जेवल्या. मंदारने फोटो पाठवला. त्यात त्या कॅमेऱ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, जेवणात गुंग होत्या.

आमच्या फॉर्मवर पेशंटची तक्रार लिहायला अर्धी ओळ असते. आता मी ती पेशंटच्याच शब्दांत लिहिते. बहुतेक वेळा जागा पुरत नाही. मग समासात लिहिते. फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायला स्कॅन करताना समास कापला जातो, अशी आमच्या मॅनेजरची तक्रार आहे.