वारशात न आलेलं

"अजून तरी समदं ध्यानात हाय बरं का!"

कंपनीच्या बसमध्ये चढल्यावर भाऊ ड्रायव्हरपासून शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येकाला नावानं हाक मारायचे आणि वर हे ऐकवायचे. तळेगाव ते नवलाख उंबरे, एवढाच प्रवास. आम्ही हसायचो. असं एखादं माणूस तुमच्याही बसमध्ये असेल. भाऊ रोज स्वतःची परीक्षा घेत होते, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांचे वडील पंचेचाळिशीत विसरायला लागले. आधी बैलांची नावं, मग घराची वाट, शेवटी घास गिळणं. आजोबांचंही तसंच झालं होतं. "तुमच्या घराण्यातच आहे," असं डॉक्टर म्हणाले आणि भाऊंनी ठरत आलेलं लग्न मोडलं.

"तिनं भरल्या संसारात मला घास भरवायचा, फुडं पोरंबी तशीच निघायची. कशापायी?" एवढंच एकदा मला म्हणाले.

थोरली बहीण, अक्का, तेव्हा सासरी नांदत होती. नवरा गेल्यावर ती भाऊंकडे राहायला आली. एका सकाळी तिनं भाकरीचं पीठ मळलं आणि विचारलं, "आता ह्याचं काय करत्यात?"

पुण्याच्या डॉक्टरांनी दोघांचं रक्त तपासलं. मेंदूतल्या पेशींच्या आवरणात एक प्रथिन असतं. ते घडवणारं जनुक सदोष असलं, की पेशींभोवती चिकट गाळ साठत जातो आणि मेंदू झिजतो. आई किंवा बापात ते असलं, तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. अक्कात ते उतरलं होतं.

निकाल कळल्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ हाका न मारता माझ्याशेजारी येऊन बसले.

"माझ्यात न्हाई निघालं."

"अहो भाऊ, मग पेढे द्या!"

"व्हय, द्यायला पायजेत." कंपनीचं गेट येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "आयुष्यभर ज्याची वाट बगितली, ते माझ्याकडं येनारच नव्हतं."

महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. अक्काला घरी एकटं ठेवता येत नव्हतं.

मागच्या दिवाळीत मी त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर उन्हात अक्का बसली होती आणि मागं बसून भाऊ तिचे केस विंचरत होते.

"लय हळू हात हाय तुमचा," ती म्हणाली. "कुनाचे तुमी?"

"हितलाच. शेजारचा."

"माझा भाऊ दिसला का कुटं? शाळंत गेलाय. धाकला हाय, एकटा भितो."

भाऊंचा हात थांबला.

"येईल इतक्यात," ते म्हणाले आणि पुढचा गुंता सोडवू लागले.