मागच्या जिन्यावरचे हात

माझी विनीमावशी चौदा वर्षं वेदरकोट हाऊसमध्ये झाडलोट करत होती. आमच्या डर्बीशरच्या खेड्यातलं ते सगळ्यात मोठं घर, पण मालक लंडनला राहायचे. १९७४ साली टीव्हीवाल्यांनी ते महिनाभर भाड्यानं घेतलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका कादंबरीवरची मालिका होती, नायिका मोलकरीण. नटी गुणी होती, पण तिचे हात लोण्यासारखे. दिग्दर्शकानं ते पाहिले आणि बादली घेऊन चाललेल्या मावशीला थांबवलं.

"बाई, जिना घासायच्या दृश्यापुरते तुमचे हात देता का?"

"परत मिळणार असतील तर देते," मावशी म्हणाली.

मीही तिथं कामाला होते, म्हणून बघत उभी राहिले. मावशीला करडा झगा आणि एप्रन चढवून मागच्या जिन्यावर, नोकरांच्या जिन्यावर, गुडघ्यांवर बसवलं. कॅमेरा फक्त हातांवर होता. दिग्दर्शक म्हणाला, "वरून कुणीतरी हाक मारतंय असं समजा आणि थांबा."

मावशी थांबली. मग हात एप्रनला पुसून तिनं उजव्या मुठीत डावं मनगट गच्च धरलं. दिग्दर्शक एकदम खूश. मावशी मात्र पांढरीफटक पडली होती. घरी येताना ती म्हणाली, "ग्लेनिस, ते मी नाही केलं गं."

तो भाग लागला त्या रविवारी संध्याकाळी ती आमच्याकडे चहाला होती. हात दिसले आणि माझ्या आईनं कप खाली ठेवला.

"ही आई आहे."

"एनिड, माझे हात आहेत ते."

"हात तुझे. पण करतेय ती आई. बाबांनी माडीवरून हाक मारली की ती असंच मनगट धरून उभी राहायची."

मावशी दोन वर्षांची असताना आजी गेली. मावशीला तिचा चेहराही आठवत नव्हता.

मग आईनं सगळं सांगितलं. आजी सोळाव्या वर्षी त्याच घरात कामाला होती. तेव्हाच्या मालकाचा मुलगा तिला वर बोलवायचा. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा त्याच मागच्या जिन्यानं तिला घालवून दिलं. मूल निराधारांच्या आश्रमात झालं.

"तू तिथं कामाला लागलीस तेव्हाच सांगणार होते. मग राहून गेलं."

"चौदा वर्षं राहून गेलं?"

आईनं कप पुन्हा उचलला. टीव्ही चालूच होता.

सोमवारी मावशी कामावर गेली, पण मागचा जिना तिनं घासला नाही. घर सांभाळणाऱ्या मिसेस पास्क म्हणाल्या, "विनी, जिना राहिला."

"राहू दे. मी त्याच्यावर पाय ठेवणार नाही."

तेव्हापासून तो मी घासते. अर्ध्यावर गेलं की मी वर बघत नाही.

हिवाळ्यात मावशीनं चर्चची जन्ममृत्यूची जुनी नोंदवही शोधून काढली. मुलगा होता. नाव आल्फ्रेड, अकरा दिवस जगला, आश्रमाच्याच जागेत पुरला. आज तिथं इस्पितळामागचं कुरण आहे, खूण कसलीच नाही.

मावशीला अजूनही कुणी मागून हाक मारली तर तिचा हात मनगटावर जातो. थंडी सरली की दोघी बहिणी त्या कुरणात जातात. नेमका कुठं पुरला ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून सगळं कुरण पायी फिरतात. आई दमली की बाकावर बसते. उरलेलं मावशी एकटी फिरून येते.