न कुजणारा खण

आमच्या मुलीला पहिली फिट आली ती सकाळी, कॉर्नफ्लेक्स खाताना. हातातला चमचा खाली पडला आणि मान एका बाजूला ओढली गेली. मला वाटलं घास अडकला, म्हणून मी तिच्या पाठीत धपाटे घालत राहिले. धपाटे! आज आठवलं तरी स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. नवरा अर्ध्या दाढीचा फेस तसाच घेऊन जिन्यावरून धावत खाली आला, तोवर तिचे ओठ निळे पडले होते. ती नुकतीच प्रायमरी वनमध्ये जायला लागली होती.

आम्ही तेव्हा एडिनबराला राहत होतो. नवरा बँकेच्या कॉम्प्युटर विभागात, मी हॉस्पिटलच्या डिस्पेन्सरीत. औषधांच्या बाटल्यांवर लेबलं लावणं हे माझं काम, त्यामुळे फिट्सच्या औषधांचे सगळे दुष्परिणाम मला तोंडपाठ. म्हणजे जी गोष्ट दुसऱ्या आईला ठाऊक नसते, तिचीही भीती मला फुकटात मिळाली. कन्सल्टंट डॉक्टर शांत माणूस होता. म्हणाला, बहुतेक मुलं मोठी होता होता यातून बाहेर पडतात. नवऱ्याला त्यातलं ‘बाहेर पडतात’ एवढं ऐकू आलं आणि मला ‘बहुतेक’.

मग सुरू झालं ते बघत बसणं. ती दात घासताना बघ, जिना उतरताना बघ, टीव्हीपुढे जरा गप्प बसली की जाऊन हलवून बघ. पाणी उकळायला ठेवलं की किटलीच्या आवाजात तिचा आवाज ऐकू येणार नाही म्हणून मी चहा करणं सोडलं. सांगलीला आईला फोन केला तर ती म्हणाली, चप्पल हुंगव, आणि कुलदैवताला नवस बोल. नवऱ्याने ते ऐकलं आणि म्हणाला, “तुझ्या आईला सांग, इथे चप्पल हुंगवली तर सोशल सर्व्हिसेसवाले पोरगी घेऊन जातील.”

नवऱ्याबद्दल एक सांगायला हवं. हा साताऱ्याचा, आणि कॉलेजात असताना तीन वाटांच्या तिकाटण्यावर कुणी उतारा ठेवला की हा त्यातला नारळ उचलून आणायचा, होस्टेलवर फोडायचा आणि खोबरं सगळ्यांना वाटायचा. एरवी उतारा दिसला की माणसं रस्ता बदलतात. आजाऱ्यावरून ओवाळून टाकलेलं ते, ज्याने ओलांडलं त्याच्या मागे लागतं. हा खोबरं खाऊन वर ढेकर द्यायचा. लग्नानंतर ही गोष्ट मी निदान पन्नास जणांसमोर ऐकली असेन. घरात देव्हारा नव्हता. माझ्या माहेरची अन्नपूर्णा किचनच्या कपाटात, मसाल्यांच्या मागे.

महाराष्ट्र मंडळात आम्ही कुणालाच काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळे एकदम हळू आवाजात बोलायला लागले असते. मुलीची जात, पुढे लग्न व्हायचंय, हे पाच वर्षांच्या पोरीबद्दल! ते ऐकून मी कुणाचा तरी गळा धरला असता. तेव्हा तोंडाला कुलूप.

सांगितलं ते फक्त एकीला. डिस्पेन्सरीत माझ्या शेजारी एक साठीची स्कॉटिश बाई बसायची, मोठ्या आवाजाची, मला लाडाने ‘हेन’ म्हणायची. ती पेगन होती, आणि हे ती आपण शाकाहारी आहोत म्हणावं इतक्या सहज सांगायची. चर्चला जात नसे. ऋतू बदलला की तिच्यासारखीच सात-आठ माणसं टेकड्यांवर जायची, पाण्याला, झाडाला, सूर्याला नमस्कार करायची आणि फ्लास्कमधलं सूप पिऊन घरी यायची. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनात म्हटलं, अगं मग तू तर आमच्यातलीच की! आमच्या आजोळी शेताच्या बांधावर म्हसोबा होता. म्हणजे नुसता दगड, वर शेंदूर. त्याला ना देऊळ ना पुजारी. मला लहानपणी देवळातल्या देवांपेक्षा त्याचाच धाक जास्त वाटायचा, आणि त्याचाच आधारही.

थंडी सरता सरता त्यांचा एक सण असतो, तेव्हा ती मला घेऊन गेली. शहराबाहेर अर्ध्या तासावर एका उतारावर झरा होता आणि त्यावर वाकलेलं एक बुटकं, काटेरी झाड. त्याला मराठीत काय म्हणतात कोण जाणे, तिथे हॉथॉर्न म्हणतात. झाडभर चिंध्या बांधलेल्या. सगळ्यांनी झऱ्याभोवती सूर्य जातो त्या दिशेने तीन फेऱ्या घातल्या. ही तर आपली प्रदक्षिणाच, म्हणून माझे पाय आपोआप चालू लागले. कुणी मंत्र म्हटले नाहीत, कुणी मला काही विचारलं नाही. गार पाण्यात हात घातला आणि कितीतरी महिन्यांनी मी मोकळेपणी रडले. पण रडतानाही भीती होतीच. माझे देव रागावले तर? हे देव मला ओळखतात तरी का? परक्या मुलखातल्या पाण्याने माझं मराठी कसं ऐकावं?

मैत्रिणीने आधीच सांगितलं होतं, पोरीसाठी एक कापड आण, झाडाला बांधू. आता कापड म्हटल्यावर मी काय आणणार? आईने दिलेल्या खणांच्या गठ्ठ्यातला सगळ्यात छान हिरवा खण काढला, सोनेरी काठाचा, घडी न मोडलेला. त्याला हळदकुंकू लावलं. तिथे बाकीच्यांनी बांधलं काय, तर जुना मोजा, वापरलेलं बँडेज, भांडी पुसायच्या टी-टॉवेलची पट्टी. मला लाजच वाटली त्यांची. देवाला कुणी फाटकं देतं का? मी माझा खण सगळ्यात वरच्या फांदीला दोन गाठी मारून बांधला. मैत्रीण जरा थांबली, मग म्हणाली, “लव्हली.”

त्यानंतर फिट्स वाढल्या.

सकाळी उठताना यायच्या त्या आता दुपारीही येऊ लागल्या. औषध वाढवलं, पोरगी पेंगायला लागली, वर्गात टेबलावर डोकं ठेवून झोपायची. मे महिन्यात एकदा लेबलं लावता लावता मी मैत्रिणीला म्हटलं, तुमच्या देवाला माझा खण आवडला नाही वाटतं. तिने हातातली बाटली खाली ठेवली. मग तिने मला स्टोअररूममध्ये नेलं आणि सांगितलं. कापड हे भेट म्हणून नसतंच बांधायचं. ते आजाऱ्याच्या अंगाला लागलेलं, जुनं, सुती हवं. पावसापाण्यात ते कुजत जातं आणि जसजसं ते कुजेल तसतसं दुखणं विरत जातं.

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तू इतक्या मनापासून बांधत होतीस, हेन. मला बोलवेना.”

हिची ती इंग्लिश भिडस्तता! नाही, स्कॉटिश. भिडेपोटी माझ्या पोरीचं दुखणं झाडाला टांगून ठेवलं होतं हिने.

कारण तो खण कुजणार नव्हता. ओटीचे खण कसे असतात ते आपल्या बायकांना सांगायला नको. त्यांचं कुणी ब्लाऊज शिवत नाही. एका ओटीतून दुसऱ्या ओटीत, या घरातून त्या घरात फिरत राहतात वर्षानुवर्षं आणि कापड काय, काठाचा जर काय, सगळं नायलॉनचं. आमच्या आईकडे तर एक खण फिरून फिरून तिच्याकडेच परत आला होता. त्याला ना कसर लागत ना तो विटत.

“सोडून आणते मग,” मी म्हटलं.

तिने माझं मनगट धरलं. “ते कधी करायचं नाही. बांधलेलं जो सोडतो, दुखणं त्याच्याकडे जातं.”

माझी पाचावर धारण बसली. म्हणजे उतारा तो उताराच, इथेही! सात समुद्र ओलांडून आले आणि तिकाटण्यावरच उभी.

एका पावसाळी दुपारी मी एकटीच बघायला गेले. मोजा काळा पडून लोंबत होता, बँडेजचे नुसते धागे उरले होते. आणि सगळ्यात वर माझा खण, हिरवागार, काठ चमकतोय. हळदकुंकू तेवढं धुऊन गेलं होतं. मी हात वर केला आणि तसाच खाली घेतला. मलाच फिट्स यायला लागल्या तर? गाडी कोण चालवणार, पोरीला कोण धरणार? खरं सांगायचं तर पोरीचा विचार नंतर आला. आधी मी माझ्यासाठी घाबरले. तशीच पळत गाडीत येऊन बसले, आणि त्यानंतर तिकडे जायचंच सोडलं.

पण न जाऊन सुटका थोडीच होते? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसं झालं. हिरवं काही दिसलं की मी तोंड फिरवायचे. त्या उन्हाळ्यात कन्सल्टंटने औषध बदललं, फिट्स कमी झाल्या, तरी माझा जीव थाऱ्यावर येईना. नवऱ्याला मी शेवटी सगळं सांगून टाकलं, खण, झाड, सोडणाऱ्याला लागतं ते. मला वाटलं आता तासभर भाषण होणार. तो एवढंच म्हणाला, “नायलॉनचा होता का?” आणि भांडी पुसायला लागला. मला त्याचा इतका राग आला की मी दोन दिवस बोलले नाही.

सप्टेंबरात शाळेत आली ती फिट मोठी होती. शाळेचा फोन दोघांनाही आला, मी आधी पोहोचले. ती मेडिकल रूममध्ये आडवी होती, ओठ दाताखाली येऊन रक्त आलेलं. माझ्याकडे बघून म्हणाली, “मम्मी, मी काय केला?” तिला मराठीतलं केला-केली-केलं कधी जमलं नाही. त्या क्षणी माझ्यातली भीती संपली म्हणणार नाही. पण मी ठरवलं. येऊ दे माझ्यावर काय यायचं ते.

शनिवारी मंडळाच्या दिवाळीच्या मीटिंगला जाते सांगून निघाले. पर्समध्ये कात्री. उतार चढताना दोनदा मागे वळून गाडीकडे बघितलं. म्हसोबाचं नाव घेतलं, झऱ्याला म्हटलं, बाई गं, मला घे, पण जरा सांभाळून घे. वर बघितलं.

खण नव्हता.

वाऱ्याने जाणं शक्य नव्हतं, दोन गाठी मारल्या होत्या मी. कुणी तरी सोडला. कोणी? एखाद्या पोराने गंमत म्हणून? म्हणजे माझ्या मुलीचं दुखणं आता कुणाच्या तरी घरी गेलं? मी झाडाखालचं गवत चाचपून बघितलं. मग पुन्हा वर बघितलं, तर त्याच फांदीला एक पट्टी होती. मळकी, सुती, कडा कुजून अर्धी झालेली. आणि तिच्यावर पुसट पिवळी बदकं.

बदकं मी ओळखली. आमच्या पोरीचा तो जुना पायजमा, पहिल्या फिटच्या सकाळी तिच्या अंगात होता तो.

घरी आले तर नवरा पोह्यांना कांदा चिरत होता. मी बूट न काढताच विचारलं, “खण तू सोडलास?”

“आधी पाणी पी.”

“तू सोडलास का?”

“जूनमध्ये. गाडी एमओटीच्या तपासणीला नेतो म्हणून गेलो होतो ना, तेव्हा. तुझ्या मैत्रिणीने रस्ता सांगितला.” तो कांद्याकडेच बघत होता. “माझा कशावर विश्वास नाही, तुला माहितीये. पण तू आज ना उद्या जाणार हे दिसत होतं. तू सोडलं असतंस आणि उद्या नुसती शिंक आली असती तरी भीतीने मेली असतीस. मला काय होतंय?”

“मग तेव्हाच तो पायजमा का बांधलास?”

त्याने सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, “फांदी रिकामी ठेवायचा धीर होईना. आणि परवा शाळेतून फोन आला ना, तेव्हा मी कार पार्कमध्येच बसून राहिलो होतो. पाय उचलेना. म्हटलं, सोडायला नको होता खण. चुकलंच.”

इतकी वर्षं हा माणूस घाबरत नाही म्हणून मी त्याच्यावर चिडत होते. त्या दिवशी आम्ही दोघं किचनच्या लादीवर बसून रडलो आणि पोह्यांचा कांदा जळला.

पोरगी पुढे दोन वर्षांत बरी झाली. कन्सल्टंटने हळूहळू गोळ्या बंद केल्या. औषधाचा गुण की वयाचा, ते त्यालाही छातीठोक सांगता आलं नाही. मला मात्र त्या झऱ्याचा नाद लागला तो लागलाच. अजून ऋतू बदलला की जाते, फेऱ्या घालते, पाण्यात हात घालते. तिथे माझी भीती मला लपवावी लागत नाही, एवढंच माझं अध्यात्म. नवऱ्याच्या हातांकडेही मी अजून बघते, सकाळी चहाचा कप उचलताना ते थरथरतात का म्हणून.

गोळ्या बंद झाल्या त्या आठवड्यात आम्ही तिघं गेलो होतो. बदकांच्या पट्टीची नुसती गाठ उरली होती. पोरगी पाण्यात काड्या सोडत होती, आणि नवरा झाडापासून चार हात लांब, खिशात हात घालून उभा.

“काय रे,” मी त्याला डिवचलं, “उताऱ्यातला नारळ खाणारा ना तू? तेव्हा नाही वाटली ती भीती?”

तो पोरीकडे बघत म्हणाला, “तेव्हा ही नव्हती.”